गॅस चालू ठेवून ओतलेला अर्क

दोब्रोमिलाला बीअर धड करता येत नव्हती, आणि तिला ती धड करायचीही नव्हती. पहिली गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती, दुसरी फक्त तिला.

नवरा, अलोइस, जिवंत असताना नुसतं डोकं खायचा. "अगं, माल्टचा अर्क शेवटच्या दहा मिनिटांत घालायचा. आणि आधी गॅस बंद कर, नाहीतर तळाशी बसून करपतो." पण हिला कुठला दम! मोठ्या आचेवर सरळ डबा पालथा करायची. मग तोच धावत येऊन गॅस बंद करायचा.

तो गेल्यावर महिन्याभरात तिनं पातेलं चढवलं, सवयीनं तसाच अर्क ओतला, आणि शेगडीचं बटण आपोआप फिरलं. गॅस विझला. ती घाबरली नाही. खुर्चीत बसून पोटभर रडली, आणि पुढच्या रविवारी मुद्दाम तसंच केलं. बटण पुन्हा फिरलं. वर्षभर हेच चाललं होतं. अलीकडे मात्र ते फार सावकाश फिरायचं, आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. अलोइस यायचेच बंद झाले तर?

त्याला जाऊन वर्ष झालं त्या दुपारी त्याचा मित्र फेर्दा आला. पातेल्यात हॉप्सची कडू फुलं उकळत होती. तिनं डबा उचलला.

"वहिनी, आधी गॅस बंद करा," फेर्दा म्हणाला. "तुमची बीअर म्हणजे जळका काढा, खोटं कशाला बोलू."

"गप बसा हो भावोजी. बघा नुसतं."

तिनं ओतलं. घट्ट पाक तळाशी गेला. बटण हललं नाही. दोन मिनिटं गेली, करपल्याचा वास सुटला. फेर्दानं हात पुढे केला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. येतील ते."

"कोण येतील?"

फेस उतू जायला लागला तेव्हा तिचा धीर सुटला आणि तिनं स्वतःच बटण धरलं. तोच तिच्या बोटांवर थंडगार, ओळखीची बोटं बसली. तिच्याच हातानं त्यांनी बटण फिरवलं, क्षणभर तिचा हात दाबून धरला आणि सोडून दिला. फेर्दाला तिचा एकटीचाच हात दिसत होता. पण त्यावर चार बोटांचे पांढरे वळ उमटले होते, आणि ते बघून तो मागे सरकला.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा मोठ्या आचेवर अर्क ओतला आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली. पातेलं पार जळेपर्यंत ती तशीच उभी होती. कुणी आलं नाही.