पूर्णेने नेलेली माती

मित्रांनो, मी काळ्या मातीचा एक जुना कण आहे. नाक मुरडू नका! आज समुद्रकाठच्या चिखलात खेकड्यांच्या पायाखाली पडलो असलो, तरी मी मूळचा वऱ्हाडचा. दर्यापूरजवळ पूर्णेच्या काठी नत्थुजींचं वावर होतं, तिथला मी.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात आम्हाला हातभर भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात आम्ही असे फुगायचो, की बैलाचा पाय सोडायचो नाही. वावर आणि नदी यांच्यामध्ये एक रुंद धुरा होता. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावर दाट गवत, बोरी आणि बाभळी. नत्थुजींच्या घरची एक रीत होती. वखर धुऱ्यापाशी आला की उचलायचा, मातीला हात लावायचा आणि म्हणायचं, "हे तुयं." म्हणजे इथून पुढचं नदीचं, आम्ही ते घेणार नाही. नत्थुजींच्या वडिलांनी हे पाळलं, नत्थुजींनीही पाळलं. मला ते दोन शब्द फार आवडायचे.

मग साता समुद्रापलीकडे कुठेसं युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो कापूस पेरू लागला. एके सकाळी नत्थुजींनी कुऱ्हाड घेतली आणि धुऱ्यावरच्या बोरी तोडायला लागले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"अवो, धुरा काहून मोडून राहिले तुमी?"

"कापूस पेराले. नुसतं गवतच त आहे इथं!"

"अन् पूर्णामाय वावरात आली त?"

"तू लयच भेतं बापा!"

त्या वर्षी वखर धुऱ्यापाशी थांबला नाही. "हे तुयं" कोणी म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण मातीचं कोण ऐकतं?

कपाशी छान उगवली. श्रावणात पूर्णेला पूर आला. गवताची मुळं असती, तर त्यांनी आम्हाला धरून ठेवलं असतं. आता धरायला कोणीच नव्हतं. काठ ढासळला, कोवळी रोपं गेली आणि त्यांच्यासोबत आम्हीही निघालो. दुर्गाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओंजळीने चिखल मागे ओढत होत्या. "मायी माती चालली जी! मायी माती!" मी त्यांच्या बोटांमधून निसटलो. तो स्पर्श मी आजही विसरलेलो नाही. वाटभर मला एकच घोर होता, वावर उरेल की सगळंच माझ्यामागून येईल?

पूर्णेतून तापीत आणि तापीतून पश्चिमेकडे असा माझा प्रवास झाला. सोबतची जाडी वाळू मोठी मिजासखोर, पण जड अंगाची. ती पहिल्याच वळणावर बसली. आम्ही बारीक कण तरंगत राहिलो. पूर ओसरला की तळाशी जायचो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उठायचो. अखेर सुरतेच्या पुढे पाणी खारट लागलं. खाऱ्या पाण्यात आम्ही एकमेकांना चिकटलो, जड झालो आणि खाली बसलो. भरती आम्हाला किनाऱ्याकडे ढकलायची, ओहोटी मागे ओढायची. शेवटी तिवरांच्या मुळांनी आम्हाला अडवलं. थरावर थर चढले, चिखलाची जमीन झाली, तिच्यावर नवी तिवरं उगवली. जिथे होड्या चालायच्या, तिथे आता बगळे चालतात. मी चक्क किनारा झालो, बरं का! खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

पण जीव वावरात अडकलेला होता. दर पावसाळ्यात नवी माती यायची. "कोण्या गावची?" मी विचारायचो. कोणी बाळापूरची निघायची, कोणी आणखी कुठली. सुरुवातीला आमच्या वावरातलीही खूप यायची आणि मागे किती उरली असेल, याचा मी हिशेब करत बसायचो.

मग एका साली आमच्या वावरातला एकच कण आला. दमलेला होता बिचारा. म्हणाला, "दुर्गाबाई टोपल्यानं दगडगोटे आणून राहिल्या. नत्थुजी धुऱ्यावर गवताचे ठोंब लावून राहिले."

"अन् वखर?"

"धुऱ्यापाशी उचलला. मातीले हात लावला. मंग म्हणे, 'हे तुयं.'"

मी तेव्हा ओलाचिंब झालो. भरती तर अजून यायची होती.

त्यानंतर आमच्या वावरातलं कोणी आलं नाही. पुराचं पाणी आलं की मी अजूनही विचारतो, "नत्थुजींच्या वावरातलं कोणी आहे का?" कोणी नसतं, म्हणजे धुरा अजून टिकून आहे. मला घरची फार आठवण येते, गावची बोली ऐकायला जीव तरसतो. तरीही मित्रांनो, तुमच्या शेताचे धुरे जपा, काठावरचं गवत जपा. माझ्या सोबतीला कोणाला पाठवू नका. मी इथे एकटाच बरा आहे.