पुढचं डावं चाक

“आता पार डावीकडे वळव. अजून. अडेपर्यंत वळव,” आप्पा बोनेटशेजारी उभे राहून म्हणाले.

मुलाने स्टिअरिंग अडेपर्यंत वळवलं.

“आता उजवीकडे, तसंच. मग सरळ कर, चावी बंद कर आणि परत लाव.”

अंगणातल्या गाडीची पुढची चाकं डावीकडे गेली, उजवीकडे गेली, सरळ झाली. आप्पा खिडकीतून आत डोकावले. चावी फिरली तसे डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले, एकेक करून विझले आणि एक तेवढा राहिला. पिवळा, गोल, मधे तीन अक्षरं.

“नाही गेला,” मुलगा म्हणाला.

“दिसतंय मला. आंधळा झालेलो नाही अजून.”

आप्पांनी मान हलवली. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांचा जन्म गेला होता आणि एखादं इंजिन दाद देईनासं झालं की ते अशीच मान हलवायचे. तिथलं मान हलवणं खरं असायचं. हे खरं नव्हतं. दिवा का जात नाही, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. घरातले सगळे दुपारचे आडवे झाले असताना त्यांनीच पुढच्या डाव्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून तिथल्या सेन्सरच्या वायरचा कपलर, म्हणजे जोड, ओढून काढला होता.

बायको गेल्यापासून मुलगा, सून आणि नात इथेच राहिली होती. त्यांची गाडी इतके दिवस अंगणात नुसती उभी होती, त्यात बॅटरी बसली. मुलाने नवी आणून स्वतःच बसवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी आतल्या खोलीतल्या बॅगा बाहेरच्या खोलीत आल्या. आप्पांनी बॅगा पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दिवा लागला.

बॅटरी बदलल्यावर असे दिवे लागतात, हे काही खोटं नाही. त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. त्यात हा दिवा ब्रेकचा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते, ती बंद असल्याचा. आप्पांनी सुनेला ते समजावून सांगितलं होतं, अजिबात हात न राखता. वाटेत घाट होता. पोरीला घेऊन अशा गाडीतून मी जाणार नाही, असं सून म्हणाली आणि आप्पा म्हणाले, बघतो मी, काळजी करू नकोस. तेव्हापासून ते बघत होते. बॅटरीच्या वायरी काढून घासून परत आवळून झाल्या. फ्यूज तपासून झाले. आज स्टिअरिंगची पाळी होती.

कुंपणापलीकडून शेजारच्या मास्तरांनी डोकं वर काढलं.

“काय आप्पा, आज तरी उडतंय का विमान?”

“उडेल हो. बॅटरी पायलटने स्वतः बसवलीय ना, म्हणून खोळंबलंय.”

“अहो, इंजिनिअर आहे तुमचा पोरगा.”

“कॉम्प्युटरचा. तिथे नट आवळावे लागत नाहीत. हा तर वायरी उलट्या लावायला निघाला होता. मी होतो म्हणून, नाहीतर गाडीचा कोळसा झाला असता.”

मास्तर हसले. मुलाने वायरी बरोबर लावल्या होत्या, आणि लावताना आप्पा अंगणात नव्हतेच. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला.

सून दारात आली. तिच्या मागून नात.

“आप्पा, सरळ शोरूमला नेऊन दाखवायची का?”

“शोरूमवाले आधी बॅटरी बदलायला लावतील, मग सेन्सर, मग म्हणतील गाडीच बदला. तू त्यात पडू नकोस.”

“गाडी आजारी आहे?” नातीने विचारलं.

“हो, जरा.”

“आजीसारखी? मग मरणार?”

“गप गं,” सून म्हणाली.

“मरत नाही,” आप्पा म्हणाले. “ती इथेच राहणार आहे.”

सून पोरीला आत घेऊन गेली. मास्तरही कुंपणाआड दिसेनासे झाले, त्यांच्या झाडांना पाणी घालण्याचा आवाज येऊ लागला. मुलगा गाडीतून उतरला आणि बोनेटजवळ आला. आप्पा फ्यूजच्या डबीचं झाकण परत उघडत होते.

“आप्पा, पुढचं डावं चाक बघितलंत का?”

आप्पांचा हात झाकणावर थांबला.

“चाकाचा काय संबंध? हे बॅटरीमुळे झालंय.”

“ऑफिसातल्या एकाकडून गाडीतला बिघाड सांगणारं मशीन आणलं होतं. परवा लावून बघितलं. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर जोडलेला नाही म्हणून सांगत होतं. मग आत हात घालून बघितलं.”

“निघाला असेल हादऱ्यांनी.”

“अंगणात उभ्या गाडीला हादरे कुठून बसले?”

आप्पांनी झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून परत काढून लावलं.

“मग परवाच का नाही बसवलास?”

“तुम्ही बसवता का, ते बघत होतो.”

आवाज चढलेला नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं तो बोलत होता. आप्पांना वाटलं, याने ओरडावं. ओरडला असता तर बापाशी कसं बोलावं हे सांगता आलं असतं.

“तुझी आई जाऊन अजून...”

“आईला मधे घेऊ नका. तिच्या माहेरी आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा आई तिकडे जायला बॅग भरून या पायरीवर बसली होती. आठवतंय?”

“गाडी चालू होत नव्हती.”

“रोटर तुमच्या खिशात होता.”

जुन्या गाडीत इंजिनाला ठिणगी पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली हा अंगठ्याएवढा काळा तुकडा असायचा. तो काढून घेतला की स्टार्टर कितीही मारा, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. आप्पांनी मुलाकडे पाहिलं. तेव्हा तो शाळेत जात होता.

“तुला कोणी सांगितलं?”

“शर्ट धुवायला घेतला तेव्हा आईला सापडला. मला विचारलं, हे काय असतं रे. मला माहीत होतं, मी सांगून टाकलं.”

“मग?”

“मग काय. शर्ट धुतला, वाळवला आणि घडी घालून तुकडा परत खिशात ठेवला. मला म्हणाली, बोलायचं नाही. आजी त्याच आठवड्यात गेली.”

आप्पांना ती घडी आठवली. धुतलेल्या शर्टाच्या खिशात रोटर मिळाला होता, चांगला पुसलेला, तेलाचा डागही नाही. धुण्यात पडला नाही, नशीब, असं म्हणून सासू गेल्यावर त्यांनी तो गाडीत बसवला होता आणि बायकोला हाक मारून सांगितलं होतं, चालू झाली बघ. तिने आतूनच बरं म्हटलं होतं. आता जाऊन काय करायचं, असंही ती म्हणाली नव्हती. त्यानंतर ती त्यांच्या ताटात आयुष्यभर वाढत राहिली.

त्यांनी बोनेटच्या कडेवर हात टेकला.

“नंतर कधी काही बोलली ती? त्याबद्दल?”

“शेवटी बोलली. हॉस्पिटलमध्ये.”

“मी तर रोज होतो तिथे.”

“तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात.”

“काय म्हणाली?”

मुलाने दाराकडे पाहिलं, मग चाकाकडे.

“आधी कपलर बसवा. मग सांगतो.”

आप्पा खाली बसले. गुडघे वाजले. एक हात टायरवर टेकून त्यांनी दुसरा आत घातला. वायर त्यांनी जिथे खोचून ठेवली होती तिथेच होती. कपलरची दोन्ही तोंडं समोरासमोर आणायला वेळ लागला, कारण आतलं काही दिसत नव्हतं आणि मुलगा वरून पाहत होता. त्याने हात पुढे केला नाही. शेवटी खट् असा आवाज झाला.

“बसला,” आप्पा म्हणाले.

“ओढून बघा.”

त्यांनी ओढून पाहिलं. निघाला नाही.

मुलाने बोनेट पाडलं आणि आत हाक मारली, “अगं, आप्पांना सापडलं. बॅगा आण.”

सून धावतच बाहेर आली. तिचा चेहरा खुलला होता.

“खरंच? काय होतं हो, आप्पा?”

“एक वायर सुटली होती,” मुलगा म्हणाला.

“मी म्हणतच होते, आप्पांच्या हाताला यश आहे. गेला दिवा?”

“गाडी थोडी चालली की जातो. उभ्या गाडीत कळत नाही. एक चक्कर मारून बघू.” त्याने डिकी उघडली आणि तिच्या हातातली बॅग घेऊन आत ठेवली. मग दुसरी. मग पोरीची छोटी.

“चकरेला बॅगा कशाला?” सुनेने विचारलं. “आणि मी अजून स्वयंपाकघर आवरलेलं नाही.”

“भरलेल्या गाडीवरच बघावं लागतं. वजन असलं की खरं काय ते कळतं. हो ना, आप्पा?”

मुलगा डिकीच्या दारावर हात ठेवून थांबला. सूनही त्यांच्याकडे पाहू लागली. तिचा आप्पांवर विश्वास होता. गाडीच्या बाबतीत ते म्हणतील ती पूर्व दिशा. या दिव्याला वजनाची गरज नसते, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की पुढचंही सगळं तिच्यासमोर निघालं असतं. आणि बायको शेवटी काय म्हणाली, ते मुलाने अजून सांगायचं होतं.

“हो,” आप्पा म्हणाले. “भरलेली गाडी हवी.”

“मग मी पण बसते,” सून म्हणाली आणि पोरीला घेऊन मागे बसली.

“आजोबा, तुम्ही पण या,” नात म्हणाली आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यांची बाही धरू लागली.

“आजोबांचे हात काळे झालेत,” मुलगा म्हणाला. “सीट खराब होईल.”

नातीने हात आत घेतला. आप्पांनी स्वतःचे हात पाहिले आणि मागे केले. ते पुढच्या खिडकीशी गेले.

“ती काय म्हणाली, ते...”

“आल्यावर सांगतो.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. आप्पा मागोमाग रस्त्यापर्यंत आले. मागच्या काचेतून नात हात हलवत होती, सून तिला नीट बसवत होती. गाडी कोपऱ्यावर जरा थांबली, वळली आणि झाडाआड गेली. आप्पा फाटकाचं एक दार धरून उभे राहिले. समोरून एक सायकलवाला गेला, मग एक टेम्पो. टेम्पोच्या मागे कुणी नव्हतं.

मास्तर झाडांचं आटोपून कुंपणाशी आले.

“शेवटी उडालं म्हणायचं तुमचं विमान. कुठे गेली मंडळी?”

“दिवा जातो का ते बघायला.”

“असं का.” मास्तरांनी हात पुसले. त्यांना काही घाई नव्हती. “अहो, पण तो दिवा जायला गाडी किती लांब न्यावी लागते?”

आप्पांची नजर रस्त्यावरच होती.

“कोपऱ्यापर्यंत नेली तरी पुरते,” ते म्हणाले.