धुऊन दिलेली डिस्क

पेनेहाफोला कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि लिनक्स फुकट होतं. या दोन गोष्टी एका शाळेत एकत्र आल्या की काय होतं, ते ओकाफेंदेच्या माध्यमिक शाळेला त्या वर्षी कळलं.

शाळेत कॉम्प्युटर आले ते राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीने वापरून टाकून दिलेले. त्यांना चालवणारी विकतची प्रणाली घालायची तर शाळेचे पत्रे विकायला काढावे लागले असते. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पेनेहाफोने खटपट करून त्यांत लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली. कोपऱ्यात एक धडधाकट सर्व्हर, बाकीची म्हातारी यंत्रं वायरींनी त्याला जोडलेली. सगळ्या मुलांचं काम त्या एकट्या सर्व्हरमध्ये साठायचं. म्हातारी यंत्रं तुरुतुरु चालायला लागली आणि मुख्याध्यापक येईल त्या पाहुण्याला ती खोली दाखवायला लागले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे एकाच टॅक्सीत चार शाळांचे शिक्षक कोंबलेले असतात. दर आठवड्याला कुणी ना कुणी दारात उभं, आणि आमच्याकडे बाईमाणसाला आईच्या मानाने मेमे म्हणतात.

"मेमे, ऐकलं तुमच्याकडे फुकटचं काहीतरी मिळतं."

"मिळतं की. बसा, ओशिकुंडू घ्या."

बाजरीचं ते आंबूस पेय संपेपर्यंत पाहुण्याच्या हातात डिस्क पडलेली असे. तशी एकच जादा डिस्क होती. लिनक्स वाटायला तीच, आणि दर शुक्रवारी सर्व्हरमधल्या मुलांच्या कामाची प्रत ठेवायलाही तीच. दुसरी घ्यायची राहून जात होती. डिस्क या शाळेतून त्या शाळेत फिरायची आणि शुक्रवारपर्यंत परत यायची. सगळ्यांना पेनेहाफोचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं.

ऑक्टोबरात ताते शिकेशो आले; ताते म्हणजे बाबा, मान द्यायच्या कुठल्याही पुरुषाला आमच्याकडे असंच म्हणतात. पेनेहाफोला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं होतं. आता ते सीमेकडच्या एका प्राथमिक शाळेत होते आणि निवृत्तीला आले होते.

"पोरी, मलाही दे तुझं ते. जाण्याआधी माझ्या बारक्यांना पडद्यावर अक्षरं दाखवतो."

"घ्या ना, ताते. तुम्हाला विचारायची काय गरज?"

यात मुलांचं काम आहे, जपून वापरा, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण वडीलधारं माणूस टोपली मागायला आलं तर आमच्याकडे टोपली जप असं कुणी सांगत नाही. तसं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला वेंधळं म्हणणं. तिने दोन्ही हातांनी डिस्क दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला गेली. त्यांचं काम लांबलं, दोन शुक्रवार डिस्कविनाच गेले, आणि तिला घाई करवली नाही.

बारावीच्या वर्गात नेलाओ होती. मागल्या वर्षी नापास होऊन पुन्हा बसलेली, बोलायला कमी, वाद घालायला पक्की. दरवर्षी उत्तरेकडून पुराचं पाणी उतरतं आणि शाळेच्या वाटा बुडतात. तिच्या मामाचा मुलगा अशाच वाटेवर बुडून गेला होता. नेलाओने वर्षभर घराघरांत म्हाताऱ्यांना विचारून, पायांनी चालून, कुठला पट्टा पाण्यावर राहतो त्याचा नकाशा सर्व्हरवर काढला होता. प्रिंटरमध्ये शाई नव्हती, म्हणून कागदावर काहीच नव्हतं. सोमवारी बाहेरचे परीक्षक येऊन वर्षभराचं काम पडद्यावर बघणार होते. त्या गुणांवर ती तंत्रविद्यालयात जाणार होती. नाहीतर वॉल्विस बेच्या मासळीच्या कारखान्यात मावशीने तिची जागा बोलून ठेवलीच होती.

गुरुवारी दुपारी वीज रोहित्रावर पडली. दिवे गेले, आले, पुन्हा गेले. नंतर म्हातारी यंत्रं एकेक जागी झाली, पण सर्व्हर काही उठला नाही. पेनेहाफोने तो उघडला तेव्हा जळका वास आला.

"गेला?" नेलाओने विचारलं.

"गेला."

"माझा नकाशा?"

"ताते शिकेशोंकडे डिस्क आहे. शेवटच्या दोन आठवड्यांचं काम फक्त नसेल तिच्यात."

"तेवढं मी एका रात्रीत काढते," नेलाओ म्हणाली, आणि दोघींचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी पेनेहाफो एका गाडीच्या मागच्या हौद्यात बसून ताते शिकेशोंच्या शाळेत पोचली. तिला पाहताच त्यांनी अख्खा वर्ग उभा केला. "पोरांनो, ही ती मेमे." पोरं टाळ्या वाजवून गायला लागली. त्यांच्या मागे पडद्यांवर मोठाली अक्षरं उजळली होती. कुणीतरी तिच्यासमोर भाकरीएवढा बाजरीचा गोळा आणि पालेभाजी आणून ठेवली.

जेवण झाल्यावर ताते आतून टोपली घेऊन आले. धुतलेल्या फडक्यात डिस्क, आणि भोवती वाळवलेली गोड बोरं.

"रिकामी कशी परत करायची, म्हणून भरून दिलीय."

"बोरं कशाला, ताते."

"बोरं नाही गं, डिस्क. तुझ्याकडचं लिनक्स जुनं होतं. दोन शनिवार ओंडांग्वाच्या वाचनालयात जाऊन बसलो आणि सगळ्यात नवं उतरवून घेतलं. आधी डिस्क साफ धुऊन काढली. काय पसारा होता गं तिच्यात, पोराटोरांच्या नावांची खोकीच्या खोकी."

पेनेहाफो बसल्या जागेवरून उठली.

"सगळं काढलंत?"

"सगळं. म्हातारा म्हणजे वाटला तरी काय तुला? एक धूळ शिल्लक नाही." ते हसत होते. साठीला टेकलेला माणूस तिच्यासाठी दोन शनिवार उन्हातून टॅक्सीच्या रांगेत उभा राहिला होता, आणि हे तिला दिसत होतं. रागवायचं कुणावर? ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं. तिने टोपली दोन्ही हातांनी घेतली.

"फार केलंत, ताते," ती म्हणाली.

पुसलेल्यातलं काही बाही खणून काढणारे लोक राजधानीत असतात म्हणे. पण वरून नवं भरलेलं, आणि त्यांना महिने लागतात. सोमवार काही थांबणार नव्हता.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर नेलाओ बसली होती. पेनेहाफोने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"त्यांना बोललात काही?"

"काय बोलू?"

"मीही नसते बोलले," नेलाओ म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर पेनेहाफोला बरं वाटलं असतं.

एका जुन्या यंत्रालाच सर्व्हर बनवून पेनेहाफोने त्यात तातेंचं लिनक्स घातलं. ते पहिल्यापेक्षा झपाझप चालायला लागलं. शनिवार-रविवार नेलाओ पडद्यासमोरून उठली नाही. डोळे मिटून आठवायची आणि काढायची. अर्ध्याहून जास्त नकाशा तिने पुन्हा उभा केला. पेनेहाफो शेजारी बसून राहिली. तिला करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

सोमवारी परीक्षक आले. माणूस वाईट नव्हता. नकाशा त्यांनी दोनदा पाहिला, मग कोपऱ्यातली तारीख पाहिली.

"हे तर परवाचं आहे."

पेनेहाफोने घडलेलं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेमे, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मला वर्षभराचं काम तपासायचंय, आणि समोर दोन दिवसांचं आहे. मी तरी काय करू?"

"हिचं वर्ष जाईल, ताते. दुसऱ्यांदा."

"मी तुमचं म्हणणं टीप म्हणून लिहीन," ते म्हणाले. टिपेने काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बाकीच्या मुलांकडे दाखवायला तेवढंही नव्हतं. परीक्षकांनी मान खाली घालून शून्यं लिहिली आणि नेलाओच्या नावापुढेही शून्यच लिहिलं.

कागद आवरताना त्यांचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं.

"इतकी जुनी यंत्रं, आणि चालतात काय छान. हे फुकट असतं म्हणतात ना? माझी बायको ज्या शाळेत शिकवते तिथे कॉम्प्युटर नुसते पडून आहेत. एक प्रत मिळेल?" त्यांनी खिशातून आपली डिस्क काढली.

पेनेहाफोने तोंड उघडलं. नाही हा शब्द तिच्या अगदी ओठांपर्यंत आला होता. पण बायकोच्या शाळेतल्या पोरांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

"नेलाओ," ती म्हणाली, "यांना करून दे."

हे काम वर्गात नेलाओइतकं भराभर कुणालाच येत नसे. तिने ताते शिकेशोंनी भरून दिलेल्या डिस्कशेजारी त्यांची डिस्क लावली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"फार वेळ लागेल का गं?" परीक्षकांनी विचारलं. त्यांना पुढची शाळा गाठायची होती.

"नाही, ताते," नेलाओ म्हणाली. "आमच्या डिस्कमध्ये दुसरं काहीच नाहीये."