उत्तर उताऱ्यात नसावं

विनार्ती बाई दूरच्या जावा बेटावरून आल्या आणि बंदराकाठच्या त्या छोट्या अध्यापक विद्यालयातल्या पोरापोरींच्या मागे विचार करायचं लचांड लागलं. तोवर मास्तर व्हायला पाठांतर पुरत होतं. आता बाई म्हणत, माहिती विचारतो तो प्रश्न खालच्या पायरीचा. जो मुलाला पारखायला, ताडून बघायला, निवाडा करायला लावतो तो वरच्या पायरीचा. कार्यशाळेचं नावच होतं 'वरच्या पायरीचा विचार'. मौमेरेहून शिकायला आलेल्या लोंगिनुसने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, वरचा विचार छपरावर चढून करायचा का?" बाई पोट धरून हसल्या आणि पोरांची भीड चेपली.

केवाला तर त्या फारच आवडल्या. 'तुला काय वाटतं?' असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरी आई सांगायची, चर्चमध्ये फादर सांगायचे, शाळेत फळा सांगायचा. ऐकून घेण्यात ती तरबेज होती.

बाईंचे नियम सोपे होते. प्रत्येक गटाने आपल्या भागात खरोखर घडलेली एखादी बातमी घ्यायची, तिचा छोटा उतारा करायचा, त्यावर एक प्रश्न, चार पर्याय, त्यातला एकच बरोबर. उत्तर मात्र उताऱ्यात नसावं. सापडलं तर प्रश्न बाद. मग बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. त्यातून टिकलेला प्रश्न सोमवारी सराव शाळेत, सहावीच्या मुलांपुढे जायचा. ती शाळा केवाच्या गावात होती.

शुक्रवारी लोंगिनुसने आपल्या गटाचा उतारा वाचायला घेतला. ईस्टर उरकून परतणाऱ्या माणसांनी खच्चून भरलेली एक लाँच सामुद्रधुनीत उलटली. लाँच चालवणाऱ्या तांडेलासकट पुष्कळ माणसं बुडाली. वाऱ्याचा इशारा सकाळीच लागला होता. "प्रश्न," लोंगिनुस ऐटीत म्हणाला, "या अपघाताचं मूळ कारण कोणतं? वारा, जुनं इंजिन, प्रवाशांची घाई की तांडेलाचा निष्काळजीपणा? बरोबर उत्तर, तांडेलाचा निष्काळजीपणा."

केवाच्या गावच्या बेंगाने त्याच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"गप्प बस मेल्या! तो तांडेल केवाचा बाप होता."

लोंगिनुसचा चेहरा पांढराफटक पडला. बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? गेल्या वर्षी तो इथे नव्हताच, आणि इथली माणसं तो विषय परक्यापुढे काढत नाहीत. बाईंनाही ते ऐकू गेलं. त्या केवाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ, हा उतारा सोडून देऊ या."

केवाच्या डोळ्यांसमोर सहावीचा वर्ग उभा राहिला. आपल्याच गल्लीतली पोरं पेन्सिलीने तिच्या बापाच्या पर्यायाला गोल करताहेत, हे तिला दिसलं. तिचं डोकं तडकलं.

"नको बाई. चिरफाड करायचा नियम आहे ना? मी करते."

आणि तिने केली. दुसरी लाँच त्या दिवशी बंद होती, ती कुणी दुरुस्त करायची होती? बंदरावरच्या कारकुनाने वाऱ्याचा इशारा स्वतःच लावला, मग निघायचा शिक्का कसा मारला? लाइफ जॅकेट मालकाच्या गोदामात कुलपात कशी राहिली? "आणि माणसं उतरायला तयार होती का? माझी मावशी होती त्या लाँचवर. ती वाचली म्हणून कळलं. तीच बाबावर ओरडत होती, 'आपल्या माणसांना धक्क्यावर टाकून जातोस का रे कोपोंग?' मग मूळ कारण एकच कसं? एकच उत्तर मागणारा हा प्रश्नच खोटा आहे."

वर्ग पेटला. एकाने मालकाला धरलं, दुसरीने कारकुनाला, मावशीची बाजू घेणारेही निघाले. बाईंचा फळा भरून गेला. शेवटी त्यांनी लोंगिनुसच्या प्रश्नावर फुली मारली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोंगिनुस डोळे पुसत आला. "ताई, मला मार. खरंच मार."

"मारीन नंतर," केवा म्हणाली आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

बाई इतक्या खूश होत्या, की सवयीने बोलून गेल्या, "आता उलट बाजूने बघ. तुझ्याच म्हणण्यातला कच्चा दुवा कोणता?" लगेच त्यांनी जीभ चावली. "नको नको, राहू दे. बस तू."

केवा बसली. पण प्रश्न विचारून झाला होता, आणि आठवडाभर ज्या डोक्याला त्यांनी धार लावली होती ते थोडंच थांबणार होतं? तिला सरपंचाची वरात आठवली. तेव्हा ती लहान होती. वारा बेताचाच होता, पण बाबाने भर धक्क्यावर वऱ्हाडाला खाली उतरवलं होतं. सरपंच शिव्या घालत होता आणि बाबा दोराची गुंडाळी करत शांतपणे म्हणाला होता, "माझी लाँच आज सुटणार नाही." घरात ही गोष्ट किती कौतुकाने सांगायचे! म्हणजे त्याला नाही म्हणता येत होतं. सरपंचाला म्हणाला होता. लाँच उलटली त्या दिवशी मात्र त्याने 'नाही' म्हटलं नाही.

का, ते आता कोण सांगणार?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई अंगणातल्या बाबाच्या फरशीच्या थडग्यापाशी मेणबत्ती लावत होती. वर्षभर ही बाई विहिरीवर भांडली, बाजारात भांडली, कोंबड्या विकणाऱ्या बायकांशी भांडली. माझ्या माणसाची चूक नव्हती, एवढंच तिचं म्हणणं. त्यावरच ती जगत होती. बेंगाच्या आईने बातमी आधीच पोचवली होती. कधी नव्हे ती आई खुलली होती.

"म्हणे सगळ्यांची तोंडं बंद केलीस! ती जावाची बाईसुद्धा तुझ्या बाजूने झाली म्हणे. ये, बस इथे. जेवलीस का काही?"

केवा थडग्याच्या कडेला बसली. आईने चेचलेल्या मक्याची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि तिचा हात घट्ट धरला.

"मी अडाणी. माझं कोण ऐकतं? तू शिकलेली आहेस, तू विचार करून सांग. तुझ्या बाची चूक नव्हती ना?"

केवाने मान वर केली नाही. तिला आईच्या गळ्यात पडून रडायचं होतं, तिचा बाप आज दुपारी पुन्हा एकदा गेला होता, आणि या खेपेला ते सांगायला तिला कुणीच नव्हतं.

"नव्हती, आई."

"पुन्हा म्हण."

"बाबाची चूक नव्हती," केवा म्हणाली. राजधान्यांची नावं म्हणावीत तसं, पाठ केलेलं.