मारुतीच्या माळेतली कळी

कुणी कुत्रं पाळतं, कुणी पोपट पाळतं, कुणी नुसताच नवरा पाळतं. बजाजनगरच्या कडूबाई सोनवणेनं नवरा पाळून झाल्यावर अळ्या पाळायला घेतल्या. अंगणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई होती, माणसाच्या उंचीची. तिच्यावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असायच्या आणि खाली स्टुलावर डोक्याला पदर गुंडाळलेली कडूबाई. वीस वर्षं पॅकिंगच्या लाइनीवर उभं राहून खोकी चिकटवली, आता बसून बघायचा हक्क आपला आहे, असं तिचं साधं म्हणणं. मुंग्या आल्या की ती हळदीची रेघ ओढायची, अळीचा कोष झाला की कॅलेंडरवर टिकली चिकटवायची.

रुईचा चीक कडू, तो पोटात घेऊन अळी कडू, पुढं फुलपाखरूही कडू. म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. कडूबाईचं नावही तसंच होतं. आधीची दोन लेकरं गेली, तेव्हा हिला तरी मरणानं तोंड लावू नये म्हणून आईनं ठेवलेलं. नवऱ्याचं कचरू नावही त्याच कारणानं पडलेलं. त्यामुळं तिला या अळ्या नात्यातल्याच वाटायच्या, आणि नात्यातल्या माणसांपेक्षा बऱ्या वाटायच्या, कारण त्या चहा मागत नव्हत्या.

कचरू कंपनीत क्वालिटीला होता. तीस वर्षं नट-बोल्ट उजेडात धरून ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर हातात नट राहिले नाहीत म्हणून गडी घरातल्या वस्तूंना रिजेक्ट करू लागला. चपाती रिजेक्ट, जावयाचा मोबाइल रिजेक्ट. त्यातून पठ्ठ्या रोज संध्याकाळी विहारात जाणारा. "बुद्धानं सांगितलंय, स्वतः पारखल्याबिगर मानू नका," हे त्याचं पालुपद. भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी मानायचा नाही, चाखायचा आणि वरून आणखी घालायचा.

मुलगा सम्यकनं पुण्याहून बापाला नवी स्कूटर पाठवली आणि घरात कटकट सुरू झाली. स्कूटरला शेड पाहिजे, शेडला जागा पाहिजे, आणि जागा म्हणजे नेमका रुईचा कोपरा. कचरूनं गवंडी ठरवला. साहेबराव रविवारी येणार, रुई काढणार, कोबा करणार.

"त्या रुईला हात लावला तर बघा," कडूबाई म्हणाली. "फुलपाखरं कुठं जातील?"

"कुठली फुलपाखरं? मला तर नुसत्या अळ्या दिसतात. त्यांचंच फुलपाखरू होतं हे कशावरून?"

"आवो, शाळेतल्या पोरालाबी ठाऊक हाय!"

"पोरानं पुस्तकात वाचलं असंल. मी नाय बघितलं. रविवारच्या आत माझ्या डोळ्यांदेखत एक काढून दाखव. रुई ऱ्हाईल, स्कूटर उन्हात तापंल."

"दाखवते. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

म्हणाली खरी. पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. कॅलेंडरवर एकोणतीस टिकल्या होत्या, अठ्ठावीस कोष फुटून झाले होते आणि त्यातलं एकही फुलपाखरू कोषातून निघताना तिनं स्वतः बघितलं नव्हतं. तो सगळा मिनिटभराचा खेळ. एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा नळाला पाणी आलं, एकदा तर नुसती शिंक आली. वळून बघावं तर रिकाम्या टरफलाला लोंबकळत चुरगळलेल्या पंखांचं ते ध्यान हजर! दर वेळी ती कपाळाला हात लावायची आणि गल्लीत मात्र रुबाबात सांगायची, "निघताना लई भारी दिसतंय बरं का."

आता एकच कोष उरला होता. पानाखाली टांगलेला, हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी तो काळपट झाला आणि आतला नारिंगी पंख दिसायला लागला. म्हणजे शनिवारी सकाळी नक्की. कडूबाईनं पाचचा गजर लावला, कुकर माळ्यावर टाकला आणि सकाळी नवऱ्याला उठवण्याआधी बॅटरी घेऊन अंगणात गेली.

पान नव्हतं. खुडलेल्या देठातून पांढरा चीक गळत होता.

"मेल्या बद्रीनाथा!" कडूबाई अशी ओरडली की कचरू अंथरुणात ताडकन उठून बसला.

बद्रीनाथ दोन घरं सोडून राहायचा आणि कोपऱ्यावरच्या मारुतीला दर शनिवारी रुईच्या अकरा पानांची माळ घालायचा. कडूबाईनं त्याला बजावलेलं होतं, मला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. म्हणून तो विचारायचा नाही आणि ती उठायच्या आत, अंधारात चाचपून तोडायचा.

ती पोचली तेव्हा माळ मारुतीच्या गळ्यात पडलेली होती. शेंदरानं माखलेली कंबरभर मूर्ती, दोनचार माणसं मावतील एवढं देऊळ, आणि माळेतलं सगळ्यात खालचं पान मारुतीच्या उजव्या गुडघ्याशी. त्याच्या खाली कोष, जागच्या जागी. कडूबाईचा जीव भांड्यात पडला.

"बद्रीनाथ, ते खालचं पान सोडून दे."

"असं कसं? देवाला वाहिलंय. अन् मुद्दाम कळीचं पान खाली घेतलंय मी, शोभा येते."

"कळी? आरं डोळे हायेत का बटणं? तो कोष हाय माझा!"

"कोष का फिष, वाहिलेलं उतरवत नसतात, काकू. उद्या सकाळी घ्या."

उद्या रविवार. उद्या साहेबराव. आणि त्याच्याही आधी तेल होतं, कारण शनिवार म्हटल्यावर गल्लीतल्या वच्छलाबाईसह दहाबारा जणं तेलाच्या वाट्या घेऊन उभी होती. तेलाची धार कोषावर पडली की आतला जीव गुदमरून मेला. कडूबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. उंबऱ्याच्या आत जाऊन मूर्तीशेजारी उभी राहिली आणि सूत्रं हातात घेतली.

"डाव्या खांद्यावर वता. डाव्या! उजव्यावर थेंब पडला तर माझ्याशी गाठ हाय."

"मूर्तीला बायांनी हात लावायचा नसतो," बद्रीनाथ कुरकुरला.

"मी कुठं लावते? तुझ्या देवालाच सांग, माझ्या अळीला सांभाळ म्हणावं."

लोक गुमान डाव्या खांद्यावर तेल ओतू लागले. कडूबाई जन्मात पहिल्यांदा देवळात शिरली होती. तिच्या आज्याला येऊ देत नव्हते म्हणून तो आला नाही, आणि तिला येऊ देत होते म्हणून ती येत नव्हती. पण आज तिला त्याचं काही सुचत नव्हतं, रुई वाचली पाहिजे एवढंच कळत होतं.

कचरू रस्त्यावर येऊन उभा राहिला. बनियन, हातात चष्मा.

"आवो, या लवकर! आता निघंल!"

"मी? मारुतीच्या देवळात? डोकं फिरलं का तुझं? लोक काय म्हणतील? बाहेर आण ते."

"बाहेर नाय येत. तुम्हीच या."

"नाय. आपल्या बावीस प्रतिज्ञा हायेत."

"पाया पडू नका म्हणलंय. बघू नका कुठं म्हणलंय?"

"दुरून दिसंना झालंय. म्हणजे बघितलं नाय. म्हणजे रिजेक्ट," कचरू म्हणाला आणि माघारी वळला.

तेव्हा कडूबाईचं टाळकं सरकलं. "रोज संध्याकाळी विहारात सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणतं, एहिपस्सिको? धम्म कसा हाय, तर या अन् बघा असा! मला त्याचा अर्थ तुम्हीच शिकवलात ना? मग आता मी म्हणते, एहिपस्सिको! या अन् बघा! का नुसतं तोंडानं म्हणायचं असतंय?"

कचरूचा चेहरा पडला. मग त्यानं चपला काढल्या, चष्मा चढवला आणि उंबरा ओलांडला. पण पान होतं मारुतीच्या गुडघ्याशी, आणि कचरूची दृष्टी क्वालिटीवाल्याची, वीतभर अंतरावरून बघितल्याशिवाय समाधान नाही. तो वाकला, दिसेना. आणखी वाकला. शेवटी दोन्ही गुडघे टेकले, दोन्ही हात ओट्यावर ठेवले आणि मान खाली घालून वर बघू लागला.

"अगं बया!" वच्छलाबाई किंचाळली. "कचरूभाऊ मारुतीच्या पाया पडले!"

रांगेत खसखस पिकली. कुणीतरी फोन काढला. कडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्यापायी आपल्या माणसाची शोभा व्हावी? ती गर्रकन वळली.

"कोण पाया पडलं गं? तोंड सांभाळ! अन् तू रे, फोन ठेव खिशात, नायतर तेलात बुडवीन! माझा नवरा असा कुणाच्या पाया पडत नसतोय, माझ्यासुद्धा!"

"कडू," मागून कचरूचा आवाज आला. इतका हळू की तिला तो ओळखूच आला नाही. "कडू, आलं बघ."

ती वळली. टरफल रिकामं होतं. चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू मारुतीच्या शेंदरी गुडघ्यावर चढत होतं.

"देव पावला!" बद्रीनाथनं हात जोडले.

कचरू तसाच गुडघ्यांवर होता. चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायची शुद्ध नव्हती. "पास," तो म्हणाला.

घरी जाताना तो बोलायचा थांबेना. कोषाला आधी बारीक चीर कशी गेली, मग पाय कसे चाचपत बाहेर आले, पोट केवढं फुगलेलं. अर्ध्या रस्त्यात त्याच्या लक्षात आलं की बायको रडते आहे.

"आता काय झालं? रुई ऱ्हाईली की!"

"मी नाय बघितलं." कडूबाईनं पदर तोंडाला लावला. "आजबी नाय. एकोणतीस झाले. एकदाबी नाय बघितलं हो मी."

कचरू रस्त्यात उभाच राहिला. मग म्हणाला, "आता मी सांगितलं ना सगळं? तसंच असतंय ते."

"तुम्ही सांगून काय उपयोग? स्वतः पारखल्याबिगर मानू नये."



रविवारी साहेबराव फावडं-घमेलं घेऊन आला, तेव्हा कडूबाईच्या जुन्या लुगड्याखाली स्कूटर उन्हात उभी होती. कचरू स्टुलावर बसून भिंगानं रुईच्या पानांवर अंडी शोधत होता.

"शेडचं काय, भाऊ?"

"रिजेक्ट."

"कामून?"

"हळू बोल," कचरू पानावरची नजर न काढता म्हणाला. "माझ्या बायकोनं अजून बघितलं नाय."