मुकुटातलं कोबीचं पान

मी एक पानांचा मुकुट. सध्या ओर्सोलाबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खिळ्याला लटकलो आहे. माझ्या जवळजवळ सगळ्या काड्या उघड्या पडल्या आहेत. मला पाहून आता कुणाला मुकुट आठवणार नाही. पण एक दिवस मी ड्यूकसाहेबांच्या दरबारात एका कवीच्या डोक्यावर चढलो होतो.

माझा जन्म राजवाड्याच्या बागेतल्या लॉरेलच्या झाडावर झाला. आमची पानं वासाची. त्यामुळे मुदपाकखान्यातून रोज कुणीतरी यायचं आणि वाम माशाच्या रश्शासाठी मूठभर पानं ओरबाडून न्यायचं. आपणही असेच एक दिवस शिजणार, हे आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या झाडाखाली गास्पारे गुरुजी फेऱ्या मारत कविता पाठ करायचे. ड्यूकसाहेब लहान असताना यांनीच त्यांना मांडीवर घेऊन लॅटिन शिकवलं होतं. पुढे साहेब गादीवर बसले आणि गुरुजी त्यांची स्तुतिकाव्यं रचू लागले. लग्न झालं, काव्य. मुलगी झाली, काव्य. एकदा नदीला पूर आला म्हणून शत्रूचं सैन्य आपणहून माघारी गेलं, त्यावरही गुरुजींनी साहेबांच्या पराक्रमाचं मोठं काव्य रचलं. त्याबद्दल त्यांना नाताळात झग्याचं कापड आणि हिवाळ्यात सरपण मिळायचं. त्यांची स्वतःची इच्छा एकच होती. मरण्याआधी एकदा भर दरबारात, थोर कवींना चढवतात तसा, डोक्यावर लॉरेलचा मुकुट चढावा.

त्या सकाळी बागवान नेन्चो कात्री घेऊन आला. सोबत ड्यूकसाहेबांचे चिटणीस लुक्रेत्सियो होते.

"लांब, कोवळ्या डहाळ्या काढ," चिटणीस म्हणाले. "आज मेजवानीत गास्पारे गुरुजींना मुकुट घालायचाय."

माझ्या पानापानातून शिरशिरी गेली. मी शिजणार नव्हतो. नेन्चोने मला मन लावून गुंफलं. मग चिटणिसांनी टोपलीतून कोबीची पानं काढली.

"ही मागच्या बाजूला खोच."

"कोबी? अहो साहेब, लोक हसतील की."

"हसायलाच तर बोलावलंय त्यांना. सरकारांचीच कल्पना आहे."

"आणि गुरुजींना कळलं तर?"

"डोक्यामागचं कुणाला दिसतं का? तू खोच."

नेन्चोने खोचली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मुकुटाला कुठलं तोंड?

दरबार खचाखच भरला होता. गुरुजी नव्यासारखा घासूनपुसून काढलेला झगा घालून आले. बहीण ओर्सोलाबाई दारापर्यंत सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, इतक्या वर्षांत नाही झाली आठवण, ती आजच कशी झाली?"

"थोरामोठ्यांना उशीर होतोच, ओर्सोला. तू उगाच शंका काढू नकोस."

ड्यूकसाहेबांनी स्वतःच्या हातांनी मला गुरुजींच्या डोक्यावर ठेवलं. गुरुजींच्या कानशिलाची शीर उडत होती, ती मला जाणवत होती. ते नवं काव्य म्हणू लागले. मागच्या रांगांतून हसू फुटलं. गुरुजींना वाटलं, ओळी रंगल्या. त्यांनी आवाज चढवला. हसू वाढलं. ते आनंदाने मान डोलवू लागले आणि त्या डोलण्याने कोबीचं एक पान सुटून त्यांच्या हातातल्या कागदावर पडलं.

गुरुजी त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्यूकसाहेबांकडे पाहिलं. साहेब डोळे पुसत हसत होते.

आता साहेबांच्या नावाची ओळ यायची होती.

"पुढं, गुरुजी?"

"पुढचं आठवत नाही, सरकार."

आयुष्यात एकही ओळ न विसरलेला माणूस. त्याने जाणूनबुजून ते नाव गिळलं होतं. पण हे त्या दालनात फक्त मला कळलं.

"वय झालं आमच्या गुरुजींचं," साहेब म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

घरी आल्यावर गुरुजींनी मला टेबलावर टाकलं. "जाळून टाक हे."

ओर्सोलाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. कोबीची पानं काढून बाजूला ठेवली. "हा जाळायचा कशाला? पानं ताजी आहेत," एवढंच बोलून त्यांनी मला खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून रोज माझं एक पान पावट्याच्या आमटीत जातं. गुरुजी जेवतात आणि शिजलेलं पान ताटलीच्या कडेला सारतात.

मला वाटलं, निदान हा माणूस आता ड्यूकसाहेबांचा नाही, माझ्याच बाजूचा आहे.

मग थंडी पडायच्या सुमाराला लुक्रेत्सियो आले. ओर्सोलाबाईंनी त्यांच्यापुढेही आमटी ठेवली.

"वा, वास काय सुटलाय!"

"तुमचाच मुकुट आहे, चिटणीसबुवा. पोटभर खा."

चिटणीस ओशाळले. मग गुरुजींना म्हणाले, "सरकारांच्या मनात काही नाही हो. मजा होती ती. आता मुलीचं लग्न ठरलंय. काव्य तर तुमचंच हवं. आणि सरपणाची गाडीही निघायचीच आहे."

गुरुजींनी चुलीकडे पाहिलं. तिथे विस्तव जेमतेम धुगधुगत होता. नाही म्हणा, एवढंच मला हवं होतं.

"पाठवीन," गुरुजी म्हणाले.

ओर्सोलाबाई ताटल्या उचलू लागल्या.

तुम्हाला कुणाचा सन्मान करायचा असेल तर मनापासून करा. नाहीतर आम्हाला सरळ भांड्यात टाका. तिथे आम्ही प्रामाणिकपणे चव तरी देतो.

सरपण आलं आहे. चूल आता छान पेटते. गुरुजी तिच्यापाशी बसून नवं काव्य मोठ्याने म्हणून बघत आहेत. त्या दिवशी गिळलेलं नाव पहिल्याच ओळीत आहे. ओर्सोलाबाईंचा हात माझ्याकडे येतो आहे. शेवटचंच पान उरलं आहे.