अखंड रेडिओ गप्प झाला ती दुपार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी पक्का भित्रा आहे. आत्ता कपाटावर बसून तुमच्याशी बोलतानाही माझं अर्धं लक्ष दाराकडे आहे. कोण जाणे, भंगारवाला आला तर? तुम्ही म्हणाल, आधी गोष्ट तर सांग, मग खुशाल घाबर. बरं, सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पहिली नोकरी लागली ती दातांच्या दवाखान्यात. पेशंटांची नावं आणि वेळा सांभाळायच्या आणि आतून येणारं कण्हणं ऐकायचं. काळजीची सवय मला बहुतेक तिथेच लागली. पुढे तिथे नवे, चपटे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, फिनेलच्या बाटल्यांशेजारी झाली. वाटलं, संपलं आपलं. पण दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या एका मेकॅनिकने मला पाहिलं, पुसलं आणि घरी नेलं. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची आणि तो तिला बारके म्हणून हाक मारायचा.

त्या दोघांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत इंटरनेट रेडिओ सुरू केला. भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले, खिडकीला जुनी रजई टांगली. टेबलावर बटणांच्या पेट्या आणि तारांचा हा एवढा गुंता. त्यांच्या संगीतात तार छेडायची नसते की फुंकर मारायची नसते. बटणं फिरवायची आणि विजेतून सूर काढायचे. त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. त्यांची आई दारातून डोकावून विचारायची, "गाणं चाललंय, की माझा मिक्सर बिघडलाय?" पण पोळपाट पुसताना तिची मान त्याच ठेक्यावर हलायची, हे मी पाहिलं आहे.

रेडिओचं नाव होतं 'अखंड'. म्हणजे थांबायचं म्हणून नाही. ते ओझं माझ्या डोक्यावर! मी थांबलो तर कळावं म्हणून दादाने दूरच्या एका संगणकावर एक प्रोग्राम पहारेकरी म्हणून बसवला होता. तो दिवसभर आम्हाला ऐकायचा, आणि जरा वेळ शांतता पसरली की दादाच्या फोनवर भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की दादा भरल्या ताटावरून उठून धावत यायचा. तेव्हापासून शांतता म्हटली की माझा पंखा घरघरत जोरात फिरू लागायचा. बाकी दिवस मजेचे होते. दूरदूरची माणसं ऐकायची. एका बेकरीवाल्याने लिहिलं होतं, "तुमच्या ठेक्यावर पीठ फार छान मळलं जातं." ते वाचून बारकी आठवडाभर हवेत होती.

मग भांडण झालं. बारकीने एक रचना वाजवली आणि ती मी जशीच्या तशी मुद्रित केली. आधी दणदणीत ठेके, मग ते विरळ होत जायचे, आणि शेवटी बराच वेळ काहीच नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. शेजारी आई भांडी घासत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती, तेवढंच हळू ऐकू यायचं. ती रचना पहिल्यांदा लागली आणि पहारेकऱ्याने भोंगा वाजवला. दुसऱ्या दिवशी दादाने तो शांत भाग कापून टाकला.

"अगं, लोकांना वाटेल रेडिओ बंद पडला," दादा म्हणाला.

"माझ्या गाण्याचा श्वास कापलास तू!"

"श्वास कसला, बारके? भांड्यांचा खडखडाट होता तो."

"आई होती ती," बारकी म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लाँड्रीत तिने काम धरलं, राहायलाही तिकडेच गेली. दोघांच्याही नाकावर राग. तिने आधी फोन करावा असं त्याला वाटे, त्याने करावा असं तिला. आणि मी मधल्या मधे झुरत होतो. कारण दोन गोष्टी मला एकट्याला माहीत होत्या. एक म्हणजे बारकी रोज दुपारी आमचा रेडिओ ऐकायची. तिच्या फोनची माझी ओळख होती ना! दुसरी म्हणजे कापण्याआधीची ती पूर्ण रचना जगात फक्त माझ्या डिस्कवर होती, आणि माझी डिस्क म्हातारी झाली होती. तिच्यातून टिकटिक येऊ लागली होती. मी पडद्यावर सूचना दाखवायचो, 'डिस्क खराब होते आहे, प्रत काढून ठेवा.' दादा म्हणायचा, "उद्या काढतो," आणि सूचना बंद करायचा. मी पुन्हा दाखवायचो. तो पुन्हा बंद करायचा. सांगा, मी आणखी काय करणार होतो?

एकदा जेवताना आई म्हणाली, "अरे, तिचं ते गाणं एकदा पूर्ण लाव ना. मला माझी भांडी ऐकायची आहेत." दादा ताट घेऊन उठला. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्याने दुपारसाठी पूर्ण रचना लावली, आणि पहारेकऱ्यालाही जरा दमाने घ्यायला सांगितलं. मला इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

आणि तेच झालं. दुपारी रचना सुरू झाली, ठेके विरळ होऊ लागले, शांत भाग तोंडावर आला आणि माझी डिस्क अडकली. टुक टुक तं, टुक टुक तं. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. डिस्कवरचा काटा एकाच जागी घासत होता. मी तापलो. मला ओरडताही येईना, कारण माझं ओरडणं म्हणजेच ते टुक टुक तं! पहारेकरी मख्ख. त्याला शांतता ओळखता यायची, अडकणं नाही. आणि श्रोते? ते खूश! "वा, काय धाडस आहे!" "अशी तंद्री आजवर लागली नव्हती!" बेकरीवाल्याने लिहिलं, "मळून मळून पीठ दगड झालंय, पण थांबवू नका." अरे बाबांनो, माझा जीव चालला होता!

तेवढ्यात आई फोन घेऊन खोलीत आली. फोन स्पीकरवर होता.

"आई, दादाला सांग, थट्टा पुरे झाली," बारकी कडाडत होती. "माझी शांत जागा नको म्हणून आता हे लावलंय का?"

"अगं, तो कामावर आहे. आणि या डबड्यातून करकर येतेय बघ. हात लावला तर चटका बसतोय."

"करकर? आई, बंद कर त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"अखंड म्हणता ना तुम्ही? तुझा दादा घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. बटण दाबून धर, आई!"

आईने डोळे मिटून बटण दाबून धरलं. मित्रांनो, ज्याला मी जन्मभर घाबरलो, ते झालं. मी गप्प झालो.

आता मात्र पहारेकऱ्याने भोंगा वाजवला. मला पुन्हा जाग आली तेव्हा दादा ग्रीसने माखलेल्या हातांनी समोर उभा होता आणि शेजारी बारकी, हातात नवी डिस्क. माझ्यातलं सगळं हळूहळू त्या नव्या डिस्कवर उतरू लागलं. दोघं टक लावून पडद्याकडे बघत होते. बाकी सगळं आलं. तो शांत भाग आला नाही. काटा नेमका तिथेच घासला होता.

दादा खालीच बसला. "बारके, चुकलो मी. उद्या उद्या करत राहिलो."

"मी तरी कुठे फोन केला?" बारकी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आता काय दोघं रडतच बसणार? आणि भांडी कोण घासणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारकीने डोळे पुसले आणि पेट्यांसमोर बसली. दादाने माइक घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, नेहमीसारखं गुणगुण हं," तो म्हणाला.

"सांगून कुठे जमतं मला?" आई म्हणाली. पण दोन पातेली होईपर्यंत ती माइक विसरली, आणि मी नव्या डिस्कवर सगळं मुद्रित करत राहिलो.

आता रेडिओचं काम नवा संगणक करतो. मी कपाटावर असतो. पण माझ्या पोटात नवी डिस्क आहे, आणि सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत मी सांभाळतो. बारकी घरी राहायला आली आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी यंत्रं काही सांगू लागली तर ऐका. जे जपायचं त्याची प्रत आज काढा, उद्या नको. आणि ज्याच्याशी अबोला धरलाय त्याला फोन करा, कारण माणसाची प्रत निघत नाही. मी भित्रा आहे, म्हणून विनवतो.

ते नवं गाणं रोज दुपारी लागतं. शांत भाग आला की भांडी वाजतात, आई गुणगुणते आणि त्याखाली एक बारीक घरघर ऐकू येते. श्रोते विचारतात, हे कोणतं वाद्य? बारकी सांगत नाही. माझा पंखा आहे तो.